पाळकाचा मुलगा आणि नाणेघाटाची भिंत

१७०० गायी आणि १० हत्ती. ११,००० गायी आणि १,००० घोडे. २४,४०० कार्षापण नाणी. सातवाहन राजघराण्याने अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे हे आकडे जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात कोरलेले आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत ओळी, आणि त्यांतल्या कित्येक अर्ध्याअधिक झिजलेल्या. कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन घाट चढणारे तांडे या भिंतींसमोरून जात होते. पुढे ही लिपीच लोकांच्या विस्मरणात गेली आणि शेकडो वर्षं इथून येणाऱ्या-जाणाऱ्यांना इथे काय लिहिलंय ते कळेना.

हा शिलालेख नीट जुळवून जगापुढे मांडणाऱ्यांत एक माणूस थेट उत्तर जर्मनीतल्या पाळकाच्या घरातून आला होता. योहान गेऑर्ग ब्यूलर यांचा जन्म १८३७ मध्ये हॅनोव्हर राज्यातल्या बोर्स्टेल या खेड्यात झाला. वडील लुथरन पंथाचे पाळक. या पंथात पाळकाला लग्न करता येतं, त्यामुळे चर्चशेजारच्या त्याच्या घरात मुलंबाळं असत, पुस्तकं असत आणि बायबलच्या निमित्ताने जुन्या भाषांशी रोजचा संबंध असे. ट्रॉय खणून काढणारे श्लीमान आणि तत्त्वज्ञ नीत्शे हेही अशाच घरांतले. श्रीमंतीत न वाढलेली ही मुलं विद्येच्या बळावर कुठल्या कुठे गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ब्यूलर ग्योटिंगेनला संस्कृत शिकले. पुढे पॅरिस, लंडन, ऑक्सफर्डमध्ये हस्तलिखितं धुंडाळली, विंडसरला राणीच्या ग्रंथपालाच्या हाताखाली काम केलं, आणि १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. नंतर गुजरातेत शिक्षणखात्यात अधिकारी असताना गावोगावच्या पोथ्या जमवल्या. पुण्यात डेक्कन कॉलेजात असलेल्या कीलहॉर्न यांच्यासोबत त्यांनी ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’ ही ग्रंथमाला सुरू केली.

नाणेघाटाबद्दल बोलताना मात्र आधी नाव घ्यायला हवं ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांचं. जुनागढचे भगवानलाल हे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या तालमीत तयार झालेले. विद्यापीठाची पदवी नाही, पण नजर अशी की दगडावरची रेघ कोरलेली की नुसता ओरखडा, हे त्यांना कळे. इथल्या अंकांवरचा त्यांचा निबंध १८७६ चा आहे, ब्यूलर यांच्या आधीचा. पुढे भगवानलालांनी नेपाळचे शिलालेख गुजरातीतून लिहून दिले आणि ब्यूलर यांनी त्यांचं इंग्रजी केलं.

नाणेघाटातली ही अनोळखी अंकचिन्हं उलगडतात कशी? नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात नावाच्या दात्याच्या लेखात रक्कम आधी शब्दांत येते, ‘तीन हजार कार्षापण’, आणि लगेच पुढे अंकात. तिथे चिन्हाची किंमत हाती लागते. मग तेच वळण नाणेघाटात शोधायचं. इथे शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं. दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. हात न उचलता त्या भरभर काढून पाहा, आपला २ उमटू लागतो!

ब्यूलर यांचं वाचन १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथात छापलं गेलं. तोवर प्रकृतीमुळे भारत सोडून ते व्हिएन्नात प्राध्यापक झाले होते. महिना-महिना उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी एक राणी त्या ओळींतून समोर येते. तिचं नाव शोधायला मागच्या भिंतीकडे वळावं लागतं. तिथे राजघराण्याचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणाच काय त्या उरल्या आहेत, पण डोक्यांच्या जागेच्या वर कोरलेली बहुतेक नावं शाबूत आहेत आणि त्यांत राजा सातकर्णीसोबत देवी नागनिका आहे. पुतळ्यावरचं नाव आणि भिंतीवरची राणी यांची सांगड घातली गेली, आणि ते यज्ञ, त्या गायी, ते हत्ती कुणाच्या घरचे हे ठरलं.

१८९६ मध्ये ब्यूलर यांचं भारतीय लिपिशास्त्रावरचं पुस्तक आलं. दोन वर्षांनी, ८ एप्रिल १८९८ रोजी, बोडेन्झे सरोवरात होडीतून एकटेच गेले असता ते बुडाले. त्या पुस्तकातल्या अक्षरांच्या आणि अंकांच्या तक्त्यांत नाणेघाटाला स्वतंत्र रकाना आहे.