दोरी ताठ, तर विमान ताब्यात

दोरीला दगड बांधून तो गरगर फिरवला की हाताला ओढ जाणवते. वर्तुळाकार गतीचा धडा आपण बहुधा याच उदाहरणाने सुरू करतो. दगडाच्या जागी छोटे, इंजिन लावलेले विमान असले तर?

'कंट्रोल लाइन' विमान म्हणजे नेमके हेच. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकात ते लोकप्रिय केले. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतले छात्रही अशी विमाने उडवतात. उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातल्या मुठीपासून दोन दोऱ्या निघतात आणि विमानाच्या डाव्या पंखाजवळून एका त्रिकोणी तरफेच्या दोन टोकांना जाऊन मिळतात. तरफेच्या तिसऱ्या टोकापासून एक ताठ तार शेपटीवरच्या हलत्या पट्टीपर्यंत जाते. मूठ मागे कलवली की पट्टी वर उचलली जाते आणि विमान चढते. मूठ पुढे कलवली की ते उतरते.

दोरीने ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणूनच दोऱ्या दोन लागतात, आणि दोन्ही सतत ताठ असाव्या लागतात. त्या सैल पडल्या की विमान आपले ऐकत नाही.

दोऱ्या ताठ कशाने राहतात? वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे सूत्र मुलांना पाठ असते. आमच्या विमानाचे वस्तुमान २०० ग्रॅम, दोरी १० मीटर आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरू. एका फेरीला सुमारे सव्वापाच सेकंद लागतील आणि ओढ येईल सुमारे २.९ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजन टांगल्याइतकी. वेग निम्मा झाला तर ओढ निम्मी नव्हे, चौथा हिस्साच उरते!

हे आम्हाला सूत्रापेक्षा एका अपघाताने नीट समजले. विद्यार्थ्यांसोबत आम्ही ६० सेंटिमीटर पंखांचे पहिले विमान घरीच कापून, चिकटवून तयार केले. ते उडाले, नाक वर करून चढत गेले, मंदावले; दोऱ्या लोंबल्या आणि विमान जमिनीवर आपटले. आम्ही मूठ हलवत होतो, पण त्याचा उपयोग नव्हता. दोष गुरुत्वमध्याचा होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजले तर तो पंखाच्या रुंदीच्या पहिल्या चौथाईत हवा; आमचा मागे पडला होता. दुरुस्तीनंतर नाकात शिशाचा तुकडा बसवला. इंजिनाचे तोंड वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला दोनेक अंश वळवले, म्हणजे दोऱ्यांना ओढ मिळत राहते. बाहेरच्या पंखाच्या टोकालाही थोडे वजन लावले. आतल्या पंखावर दोऱ्यांचा भार असतो, त्याचा तोल त्याने साधतो. दुसऱ्या खेपेला विमान शहाण्यासारखे फिरले.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: दोरी तुटली तर विमान कुठे जाईल? बरीच मुले 'सरळ बाहेर, आपल्यापासून दूर' असे सांगतात. खरे तर ते स्पर्शिकेच्या दिशेने सुटते. म्हणजे वर्तुळाभोवती उभे राहिलेले कोणीही त्याच्या वाटेत येऊ शकते. म्हणून प्रेक्षक वर्तुळापासून बरेच लांब हवेत. उड्डाणापूर्वी विमान घट्ट धरून मुठीला त्याच्या दहापट, म्हणजे इथे दोन किलो, ओढ देऊन दोऱ्या व सांधे तपासावेत. आणि विजेच्या तारा जवळ असलेल्या मैदानावर हे विमान कधीही उडवू नये. धातूची किंवा ओली दोरी तारेला लागली तर जीव जाऊ शकतो.

पुढच्या उड्डाणाला मुलांच्या हाती घड्याळ द्यावे. दहा फेऱ्यांचा वेळ मोजून त्यांनी वेग काढावा, त्यावरून ओढ काढावी आणि मूठ धरणाऱ्याला विचारावे, हाताला तेवढी जाणवली का? सूत्र खरे आहे की नाही, हे हातच सांगेल.