पुलमन पोर्टरांची युनियन

कामगार तेवढा एक, त्याला जात नाही आणि वर्णही नाही, असे कामगार पुढारी सभांतून सांगत असतात. अमेरिकेतील रेल्वे कामगारांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. तेथे इंजिन ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर यांच्या बड्या युनियनच्या घटनेतच सभासद गोरा असला पाहिजे असे कलम होते. त्यामुळे कृष्णवर्णीय कामगाराला मालकाशी तर लढावे लागलेच, पण शेजारी काम करणाऱ्या कामगार बांधवाशीही लढावे लागले.

पुलमन कंपनी लांब पल्ल्याच्या गाड्यांचे झोपण्याचे डबे चालवीत असे. डब्यात बिछाने घालणे, सामान उचलणे, रात्री प्रवाशांचे बूट पॉलिश करणे ही पोर्टरची कामे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या लोकांना कंपनीने मुद्दाम या कामावर घेतले. प्रवासी कोणत्याही पोर्टरला ‘जॉर्ज’ अशी हाक मारीत. जॉर्ज हे मालकाचे, म्हणजे जॉर्ज पुलमनचे नाव! गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची रीत अशी रेल्वेच्या डब्यात चालू राहिली. महिन्याला सुमारे 400 तास काम, पगार तुटपुंजा, बाकी भिस्त बक्षिशीवर आणि बूट पॉलिशचा खर्चही स्वतःच्या खिशातून.

25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात या पोर्टरांची युनियन स्थापन झाली. अध्यक्ष ए. फिलिप रँडॉल्फ हे पोर्टर नव्हते, एका मासिकाचे संपादक होते. कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती, हाच त्यांच्या निवडीचा मोठा फायदा. कंपनीने सभासदांना कामावरून कमी केले, हेर पेरले. 1928 साली जाहीर केलेला संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला आणि सभासद भराभर गळाले. 1934 साली रेल्वे कामगार कायदा दुरुस्त झाला व पोर्टर त्याच्या कक्षेत आले, तेव्हा पुन्हा उभारी आली. 25 ऑगस्ट 1937 रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, कंपनीने करारावर सही केली. कामाचे तास 240 वर आले.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. अस्पृश्याला गँगमनच्या पुढे बढती नव्हती. त्याला पोर्टरसुद्धा करीत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि घरात अस्पृश्य चालत नसे. अमेरिकेत जे काम हलके म्हणून काळ्या माणसाच्या माथी मारले, ते येथे अस्पृश्याला मिळतही नव्हते.

1941 साली युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना दारे बंद होती. रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. मोर्चा निघण्यापूर्वीच, 25 जूनला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 8802 काढून संरक्षण उद्योगांत व सरकारी नोकऱ्यांत भेदभावास मनाई केली. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भेदभाव न करणे हे मालकांबरोबर कामगार संघटनांचेही कर्तव्य आहे, असे त्या आदेशात नमूद होते.

पण आदेशाने मने बदलत नाहीत. फायरमनच्या गोऱ्या युनियनने कृष्णवर्णीयांच्या जागा काढून घेणारा करार रेल्वे कंपन्यांशी केला, तेव्हा स्टील नावाच्या फायरमनने कोर्टात दाद मागितली. कायद्याने सर्वांच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार घेणाऱ्या युनियनने सभासद नसलेल्यांचेही हित सांभाळले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1944 साली दिला. सभासदत्व मात्र द्यायला लावले नाही. निकाल एवढ्यापुरता अपुराच होता.

पोर्टरांच्या युनियनने घडविलेली माणसे पुढे इतर लढ्यांत दिसतात. 1955 साली माँटगोमेरीत बसमधील जागेवरून अटक झालेल्या रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टर आणि युनियनच्या तेथील शाखेचे प्रमुख होते. बस बहिष्कारासाठी त्यांनीच फोन करून माणसे जमविली. पहिल्या बैठकीला मात्र ते हजर नव्हते. त्या दिवशी ते गाडीवर ड्यूटीला होते.