जंगलाचा रस्ता निवडताना : भिलाई ते नवेगावबांध



फौजेतून निवृत्त होऊन मी रुआबांध्यात राहायला आलो, तेव्हापासून नात्यातल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘काका, स्वतःच्या गाडीने जाऊन प्राणी बघायचे, तर कुठला रस्ता चांगला?’ आज त्याचं उत्तर देतो. रस्ता निवडायचा म्हणजे आधी वेळ निवडायची. हे मी एका चितळाच्या जिवावर शिकलो. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात लोक आपली गाडी घेऊन सिंह बघत फिरतात, हे व्हिडिओ आपण पाहिलेले असतात. पण तिथेही डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावं लागतं आणि ठरलेल्या जागांशिवाय खाली उतरता येत नाही. आपल्याकडे कान्हासारख्या व्याघ्र प्रकल्पात तर आपली गाडी गेटबाहेर उभी करायची आणि नोंदणी झालेली जिप्सी व गाइड घेऊन आत जायचं. म्हणजे आपल्या हातात स्टिअरिंग असतं ते गेटपर्यंतच. पण तिथवरचा रस्ताही जंगलातूनच जातो, आणि डोळे उघडे ठेवले तर तो पुष्कळ दाखवतो.

भिलाईहून असे दोन रस्ते आहेत. उत्तरेला बेमेतरा, कवर्धा करत चिल्फी घाटाने कान्हाच्या मुक्की गेटकडे. मैकल डोंगररांग, सालाची जंगलं, वाटेत भोरमदेवचं देऊळ. सुंदर रस्ता आहे, पण लांब आहे. मुक्काम हवाच. पहिल्यांदा निघणाऱ्याला मी पश्चिमेचा रस्ता सांगतो : राजनांदगाव, चिचोला, बाघनदी ओलांडून महाराष्ट्रात देवरी, पुढे कोहमाऱ्याला डावीकडे वळून नवेगावबांध. साधारण तीन तास.

हा रस्ता का? तीन कारणं सांगतो. कुठलाही रस्ता निवडताना हेच तपासा.

पहिलं, सूर्य. आपण सकाळी पश्चिमेला जातो, म्हणजे ऊन पाठीशी. समोरचं झाड, फांदीवरचा पक्षी, कडेचं जनावर, सगळं उजेडात दिसतं. दुपारी परत फिरलो की ऊन पुन्हा पाठीशी. उलट दिशेला असतो तर दोन्ही वेळा डोळ्यांवर आलं असतं.

दुसरं, पाणी. जनावर बघायचं तर पाण्याजवळ थांबावं. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख, आणि त्यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाने बांधलेले. नवेगावचा तलाव त्यातलाच. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे काम केलं आणि इथल्या जंगलावर लिहिलं. वेळ असेल तर दुसऱ्या खेपेला देवरीहून आमगावमार्गे गोंदियाकडे जा. त्या भागातल्या भातशेतीत सारस दिसू शकतो. माणसाएवढा उंच पक्षी, बहुतेक जोडीनेच. गाडीतूनच बघा, बांधावर उतरू नका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता कशाच्या आडवा येतो? नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, पण ही दोन जंगलं सलग नाहीत. मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. वाघ, बिबटे, चितळं याच पट्ट्यातून इकडून तिकडे जातात. आपण त्यांच्या वाटेवर असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारची धडक बसून एक तरुण वाघ गेला. मोबाइलवरचा नकाशा सगळ्यात जलद रस्ता दाखवतो. जनावरं कुठे ओलांडतात, हे तो सांगत नाही.

आता माझी चूक. डिसेंबरचा महिना होता. तलावावर सूर्यास्त बघायचा मोह झाला आणि निघायला उशीर केला. देवरीच्या अलीकडे, अंधारात, ताशी ८० चा वेग. दोन चितळं उड्या मारून रस्ता ओलांडून गेली. मला वाटलं झालं, म्हणून ब्रेकवरचा पाय काढला. तिसरी मागेच होती. १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन केला, पण माणसं येईपर्यंत तिने जीव सोडला होता. मागच्या सीटवर नात होती. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

नंतर मी कागदावर हिशेब केला. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. बघून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, पुढे थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ५७. डिपरचा स्वच्छ उजेड जेमतेम ४०-५० मीटर. म्हणजे जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला होता. ४० च्या वेगात हाच आकडा २० मीटरवर येतो. हिशेब सोपा होता. निघण्याआधी करायला हवा होता.

महामार्ग बांधणाऱ्यांनाही हे करता येतं. नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचजवळ जनावरांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल आहेत, त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून वाघासकट १८ जातींचे प्राणी जाताना टिपले गेले. पण प्रत्येक रस्त्याखाली असा मार्ग नाही. तिथे आपला वेग हाच त्यांचा मार्ग.

तेव्हा माझा आताचा नियम लिहून घ्या. पहाटे साडेपाचला निघायचं, म्हणजे बाघनदीनंतरचं जंगल कोवळ्या उन्हात मिळतं. जंगलात ४०. हॉर्न नाही, माकडांना खाऊ नाही. एक जनावर गेलं की थांबायचं आणि मागचं येईपर्यंत वाट बघायची. दुपारी दोनला परत फिरायचं, तलाव कितीही सुंदर दिसला तरी. सूर्यास्त बघायचा असेल तर तिथेच मुक्काम करायचा.

गेल्या हिवाळ्यात नात पुन्हा आली होती. तिने कोहमाऱ्यापासून स्पीडोमीटरवर नजर ठेवली होती. ४२ झाले की मागून आवाज यायचा, ‘आजोबा!’

पुढच्या भागात चिल्फी घाट. जय हिंद.