हवा गेली तर?

दादरच्या फलाटावरून लोकल सुटायच्या बेतात असली, की डब्याखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो. चाकांवरची पकड सोडणारी ही ब्रेकची हवा. मी परळचा रहिवासी. इंजिनीअरिंगची पदवी माझ्याकडे नाही. पण दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं समजून घेण्याचा नाद जुना आहे. या लोकलच्या ब्रेकचं मर्म मला उमगलं ते रेडिओ नियंत्रणावर उडणाऱ्या छोट्या जेट विमानांचा अभ्यास करताना.

अशा विमानाच्या पोटात हवेची छोटी टाकी असते. उड्डाणापूर्वी पंपाने ती साधारण १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबापर्यंत भरतात. तिथून एक झडप आणि बारीक नळ्या चाकांच्या सिलिंडरपर्यंत जातात. एका नळीतून हवा आली की चाकं दुमडतात, दुसरीतून आली की उघडतात. सिलिंडरचा आतला व्यास अवघा १ सेंटिमीटर असला, तरी एवढ्या दाबाला दट्ट्या साडेपाच किलोच्या जोराने सरकतो. ब्रेकही हवेचाच: चाकाच्या आतली रबरी कडी फुगते आणि तुंब्याला घासते.

अडचण एकच. विमानात सहसा कॉम्प्रेसर नसतो. भरलेली हवा हीच सारी शिल्लक. चाकं दुमडताना-उघडताना ती खर्च होते, आणि एखादी नळी सैल असली तर गळतेही. बऱ्याच रचनांत दुमडलेल्या चाकांची कडी उघडायलाही हवाच लागते. ती संपली, की विमान पोटावर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून जाणकार ब्रेकला वेगळी टाकी देतात. काही जण दाब घसरताच उरलेल्या हवेवर चाकं आपोआप खाली सोडणारी झडप बसवतात. काही सिलिंडरांत हवा चाकं वर घेते आणि ती गेली की स्प्रिंग खाली ढकलते.

हाच प्रश्न रेल्वेने फार मोठी किंमत देऊन सोडवला. जॉर्ज वेस्टिंगहाऊसच्या १८६९च्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा सोडली की गाडी थांबे; पण नळी तुटली तर ब्रेकच नाही. १८७२ साली त्याने क्रम उलटा केला. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची; दाब उतरला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. तरीही सगळीकडे असा स्वयंचलित ब्रेक आला नव्हता. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये अर्माजवळ चढावर अडकलेल्या गाडीचे मागचे डबे सोडवले गेले आणि ते उताराला लागले. तिथला निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. जोड सुटताच तो निकामी झाला. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला.

आपल्या लोकलमध्ये रोजचा ब्रेक विजेच्या इशाऱ्यावर हवा सोडून लागतो. पण ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाब पहारा देत असतो. डबे सुटले, नळी फाटली, तर तो उतरतो आणि दोन्ही तुकडे आपापले थांबतात. गंमत म्हणजे, छोट्या विमानाच्या टाकीत याहून जास्त दाब असतो!

मग विमानाचा ब्रेकही हवा जाताच लागावा का? मुळीच नाही. चाकं जखडलेल्या स्थितीत विमान जमिनीला टेकलं, तर नाकावर आदळेल. तिथे हवा गेली की ब्रेक सुटलेला बरा. चाकं मात्र खाली यायला हवीत. गाडीचं सुख थांबण्यात, विमानाचं उतरण्यात.

म्हणून हवेची कुठलीही यंत्रणा दिसली, की ती हवेवर कशी चालते याआधी मी एवढंच पाहतो: हवा गेल्यावर ती कोणत्या बाजूला पडते? लालबागच्या पुलाखालून जाणाऱ्या बसपासून डोंबिवली फास्टपर्यंत, आपले जीव या एका उत्तरावर सोपवलेले असतात.