सडा, खाडी आणि सायकल : कोकणातील डोंगरी सायकलवाटा

मुंबई-पुण्यातील सायकलपटूंची पावले गेल्या काही वर्षांत कोकणच्या किनाऱ्याकडे मोठ्या संख्येने वळू लागली आहेत. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला आंबा-काजूच्या बागा आणि पलीकडे सह्याद्रीची भिंत, असे दृश्य सलग काही दिवस सोबत करणारा रस्ता महाराष्ट्रात दुसरा नाही. नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो आणि त्यामुळे तो सपाट असावा असा समज होतो. प्रत्यक्षात मात्र पहिल्याच दिवशी दमछाक होऊन अनेकांचे वेळापत्रक कोलमडते. या प्रदेशाची घडण कशी आहे, त्याला कोणती सायकल मानवते, कोणत्या वाटा खुल्या आहेत आणि कोणत्या वाटांवर चाक घालू नये, हे आधी जाणून घेतले तर सायकलस्वाराचे श्रम वाचतात आणि वाटेवरच्या गावांचा त्रासही.

समुद्रसपाटीवरचे चढ

कोकणचा किनारा म्हणजे सलग पुळण नव्हे. जांभा दगडाची सपाट पठारे थेट समुद्रापर्यंत येतात आणि कड्यासारखी तुटतात. या पठारांना स्थानिक भाषेत सडा किंवा कातळ म्हणतात. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी यांसारख्या नद्यांनी ही पठारे ठिकठिकाणी कापली आहेत. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, तेव्हा या नद्यांच्या मुखाकडील दऱ्यांमध्ये खारे पाणी शिरले आणि आजच्या खाड्या तयार झाल्या. गावे वसली ती खाडीकाठी किंवा पुळणीलगतच्या माडांच्या आगरांत. त्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता आधी सडा चढतो, काही अंतर माथ्यावरून धावतो आणि पुन्हा पाण्यापर्यंत उतरतो.

एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा असतो. सायकलपटूला थकवते ती त्यांची बेरीज. दिवसात असे दहा चढ आले, तर एकूण चढाई हजार मीटरच्या वर जाते. खोपोलीहून लोणावळ्याला पोहोचेपर्यंत जेवढी उंची गाठली जाते, त्याच्या जवळपास दुप्पट उंची किनाऱ्यावरचा सायकलस्वार समुद्रसपाटी न सोडता चढलेला असतो. देशावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज जाणाऱ्यांनीही म्हणूनच येथे साठ-सत्तर किलोमीटरांचाच बेत आखणे इष्ट.

सायकल कशी असावी

डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, हा प्रकार अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मरिन परगण्याच्या टेकड्यांवर १९७०च्या दशकात रुजला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतीला प्रथमच स्थान मिळाले. दोन ते सव्वादोन इंच रुंदीचे खाचदार टायर, पुढच्या चाकावर धक्के शोषणारा काटा, डिस्क ब्रेक आणि तीव्र चढासाठी हलके गिअर ही तिची लक्षणे. सागरी रस्त्याचा बराचसा भाग डांबरी असल्याने तेथे रस्त्यावरची बारीक टायरांची सायकलही चालते. परंतु गावातून सड्यावर जाणारे लाल मातीचे रस्ते आणि चिरेखाणींच्या वाहनांनी उखडलेल्या वाटा आल्या, की डोंगरी सायकलच उपयोगी पडते. जांभ्याची बारीक खडी उतारावर गोट्यांसारखी घरंगळते. रुंद टायरमधील हवा थोडी कमी ठेवल्यास त्याची पकड वाढते.

मागच्या चाकालाही शॉक असलेली महागडी सायकल येथे आवश्यक नाही. चढावर तिचे वजन जाचते. गिअर हलके असणे आणि ब्रेक चोख असणे या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या. खाऱ्या हवेने साखळी लवकर गंजते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे. फेरीबोटीवर सायकल चढवताना समुद्राचे पाणी उडते, तेव्हा तर हे अधिकच जरुरीचे.

किनाऱ्याचे टप्पे

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरांचा असून त्याचे चार सोयीचे टप्पे पडतात. मुंबईकरांना पहिला टप्पा सर्वांत जवळचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२०मध्ये सुरू झाली. तिच्यातून सायकल नेता येत असल्याने महामार्गावरील वाहतूक टळते. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड आणि आगरदांडा हा भाग नवख्यांनाही झेपणारा आहे.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले, की दुसरा टप्पा सुरू होतो. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच काळ लाटांच्या शेजारून धावतो. पुढे हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला जावे लागते. त्यानंतर वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै ही दापोली-मंडणगडकडची गावे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात. फेब्रुवारी ते एप्रिल या पिल्ले बाहेर पडण्याच्या काळात पुळणीवर सायकल चालवणे कटाक्षाने टाळावे.

तिसरा टप्पा दाभोळचा. येथे २००३पासून धोपाव्यापर्यंत वाहने नेणारी फेरीबोट चालते. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळ-जयगड अशी दुसरी खाडी बोटीने ओलांडली, की गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी गाठता येते. रत्नागिरीपासून पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि रेडी हा चौथा टप्पा सर्वांत लांब. त्यात सड्यांवरचा प्रवास अधिक आहे. सावली आणि पाणी दोन्ही कमी असल्याने पहाटे निघून अकरापूर्वी दिवसाचे मोठे अंतर कापलेले बरे.

जंगलाच्या वाटा

किनाऱ्यापासून आत वळले की अरण्य फार दूर नाही. मुरूड आणि रोहा यांच्या दरम्यानचे फणसाड हे एके काळी जंजिरा संस्थानच्या नवाबांचे शिकारीचे जंगल होते. १९८६मध्ये ते अभयारण्य झाले. शेकरू आणि बिबट्या यांचा येथे वावर आहे. दक्षिणेला सावंतवाडीहून सुमारे तीस किलोमीटरांवर असलेले आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर असून, दाणोलीपासून वर जाणारा तेथील घाट दाट झाडीतून चढतो.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पांत मात्र मनाला येईल तेथे सायकल घालता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. कोयना आणि चांदोली ही जंगले २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. या ठिकाणी वनविभागाने आखून दिलेल्या वाटा आणि वेळा पाळणे बंधनकारक आहे. कोकणातील बरेचसे उरलेले जंगल खासगी किंवा गावकीच्या मालकीचे आहे. देवराईतून, कलमांच्या बागेतून किंवा गडग्याच्या आतून जाणारी पायवाट सार्वजनिक असतेच असे नाही. गावात विचारून पुढे जाण्याचा शिरस्ता पाळला तर वाद उद्भवत नाहीत आणि बहुधा बरी वाटही समजते. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेल्या आहेत. त्यांवरून सायकल दामटल्यास चिरे सुटतात आणि डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्यांची अडचण होते.

सडा ओसाड नाही

डोंगरी सायकलस्वाराला सर्वाधिक मोह पडतो तो मोकळ्या सड्याचा. मैलोन्‌मैल झाड नाही, अडथळा नाही. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद पोटखराबा किंवा पडीक अशी होत आल्याने ती निरुपयोगी असल्याची समजूत पक्की झाली आहे. पण पहिल्या पावसानंतर याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद यांसारख्या वनस्पती उगवतात. दीपकाडीची एक जाती तर कोकणच्या सड्यांपलीकडे सापडत नाही. डबक्यांत बेडूक अंडी घालतात. ओल्या सड्यावरून गेलेल्या चाकाने हा पातळ थर एकदा खरवडला, की तो पुन्हा धरायला फार काळ लागतो.

याच सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू आदी ठिकाणच्या शिल्पांचा २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. अनेक शिल्पांच्या रेषा उथळ असून गवतात सहज दिसत नाहीत. त्यामुळे सड्यावर रुळलेल्या गाडीवाटेवरूनच जाणे, पावसाळ्यात सडा पूर्णपणे वर्ज्य मानणे आणि शिल्पांपाशी सायकलवरून उतरणे हे नियम स्वतःहून पाळले पाहिजेत.

पूल झाल्यानंतर

या मार्गाचे स्वरूप येत्या काळात बदलणार आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना मांडल्या गेलेल्या सागरी महामार्गाच्या कल्पनेला महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने नव्याने चालना दिली असून, रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल योजले आहेत. खाडी ओलांडण्यासाठी बोटीची वाट पाहणाऱ्या रुग्णाला, आंबा-मासळी वेळेत पोहोचवणाऱ्या व्यावसायिकाला या पुलांचे मोल निर्विवाद आहे.

मात्र फेरीबोट हा आजवर या रस्त्याचा नैसर्गिक गतिरोधक होता. एका फेरीत मोजकीच वाहने येत आणि पुढचा रस्ता बराच वेळ मोकळा राही. पूल झाल्यावर वाहनांचा ओघ सलग होईल. अरुंद, आंधळ्या वळणांच्या या रस्त्यावरून केवळ शहरातले सायकलपटू जात नाहीत. शाळेत जाणारी मुले, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या स्त्रिया आणि कामावर जाणारे मजूर हेच त्याचे रोजचे वापरकर्ते आहेत. पुलांवर आणि रुंद होणाऱ्या रस्त्यांवर पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी ठेवणे, गावातून जाणारा जुना रस्ता दुरुस्त ठेवून त्यावर अवजड वाहनांना मज्जाव करणे, या गोष्टी बांधकाम चालू असतानाच करणे स्वस्त आणि सोपे असते. नंतर जागाच उरत नाही, याचा अनुभव मुंबई-पुण्याने पुरेसा घेतला आहे.