सारोळ्याची नीरा आणि जलकीटकांची साक्ष

भोर तालुक्यातील सारोळे येथे पुणे-सातारा महामार्ग नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. पुलावरून जाणाऱ्यास नदीचे पाणी दिसते. परंतु तळाच्या दगडगोट्यांखाली वसलेली कीटकसृष्टी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या सृष्टीकडे फार पूर्वीपासून बारकाईने पाहिले ते गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांनी.

थंड प्रदेशांतील ट्राउट मासा पाण्यावर तरंगणारे किडे टिपून खातो. हे किडे इतके नाजूक असतात की ते गळास लावता येत नाहीत. म्हणून पिसे व रेशमी दोरा गळाभोवती गुंडाळून त्यांची हुबेहूब नक्कल करण्यात येते. मॅसिडोनियातील अशा मासेमारीचे वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन या लेखकाने केले आहे. पुढे १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्स या इंग्रज गृहस्थाने मासे गळाला लावणाऱ्यांसाठी कीटकांची सचित्र माहिती देणारा ग्रंथच सिद्ध केला. १९०० च्या सुमारास हा मासा परदेशातून आणून काश्मीरमध्ये व नंतर निलगिरीत रुजविण्यात आला. उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या नद्यांत तो तग धरू शकत नाही. मात्र तो ज्या कीटकांवर जगतो, त्यांचे भाईबंद सह्याद्रीच्या प्रवाहांत आहेत, आणि आपल्याकडील महसीरसारख्या माशांच्या आहारातही त्यांना स्थान आहे. या माशाच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशांवरूनच केले.

या कीटकांपैकी मेफ्लाय विशेष लक्षणीय होय. तिचे पिल्लू पाण्यात वाढते. पोटाच्या दोन्ही बाजूंस झालरीसारखे कल्ले आणि मागे बहुधा तीन लांब शेपट्या, ही त्याची खूण. पूर्ण वाढ झाली की ते पाण्याबाहेर येते आणि त्यास पंख फुटतात. पण पंख आल्यावरही एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगण आहे. प्रौढ मेफ्लाय काहीही खात नाही. काही तास, फार तर एखाददुसरा दिवस जगून, अंडी घालून मरते. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय त्याहून चोखंदळ. तिला गार, वाहते व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. कॅडिसफ्लायच्या अळ्यांपैकी काही वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून स्वतःभोवती घर बांधतात, तर काही दगडांमध्ये जाळे विणून वाहत येणारे अन्न अडवितात. याउलट गाळात राहणारी कायरोनोमस माशीची तांबडी अळी अंगातील हिमोग्लोबिनमुळे अत्यल्प प्राणवायूवरही जगते.

येथेच या माहितीचा ग्रामपंचायतीस उपयोग आहे. बाटलीत घेतलेल्या पाण्याची रासायनिक तपासणी त्या क्षणापुरती असते. रात्री सोडलेले सांडपाणी किंवा ओढ्यात धुतलेल्या फवारणी पंपाचे औषध सकाळपर्यंत वाहून जाते. परंतु आठवड्यांमागून आठवडे त्याच तळाशी राहणारे किडे तोपर्यंत मेलेले असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक मूल्यमापन पद्धतीतही अशा जीवांना सहनशक्तीनुसार गुण दिले जातात.

शाळेस हे काम पावसाळ्यानंतर हाती घेता येईल. गावाच्या वरच्या व खालच्या अंगास घोटाभर खळाळत्या पाण्याच्या सारख्याच जागा निवडाव्यात. खळाळाची तुलना डोहाशी करू नये, कारण संथ डोहात तांबड्या अळ्या स्वभावतःच आढळतात. ठराविक संख्येने दगड उचलून ते पांढऱ्या ताटात धुवावेत, किड्यांचे प्रकार मोजावेत आणि दगड व किडे पुन्हा नदीत सोडावेत. वर मेफ्लाय व कॅडिस विपुल असतील आणि खाली केवळ तांबड्या अळ्या उरल्या असतील, तर मधल्या टप्प्यात कोणते गटार नदीस मिळते, हे सदस्यांनी पाहावयास हवे. वाळू उपशाने तळ उखडला असल्यास मात्र पाणी स्वच्छ असूनही किडे दिसणार नाहीत; हा फरक ओळखावा लागतो.

नीरेच्या खोऱ्यात वरच्या बाजूस भाटघर व नीरा देवघर ही धरणे आहेत. विसर्ग सुरू झाल्यास पाणी अकस्मात वाढते. त्यामुळे मुलांना पात्रात उतरविण्यापूर्वी पाटबंधारे कार्यालयाकडे चौकशी करणे अत्यावश्यक आहे.