चाचणी हवी, पण दार अडवायला नको

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१ पासून चालतो. अनेक सरकारी नोकऱ्यांना तो लागतो. सीईटी ही प्रवेश परीक्षाही संगणकावरच होते. साखरखेर्ड्यासारख्या गावातून अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याची संगणकाशी गाठ टळत नाही. म्हणून प्रवेश झाल्यावर लगेच संगणक साक्षरतेची चाचणी घ्यावी. मात्र तिच्या गुणांवर प्रवेश ठरवू नये. घरी संगणक नसणे हा मुलांचा दोष नाही.

‘मोबाइल तर सगळ्यांना येतो, मग चाचणी कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्याला एक्सेलमध्ये सूत्र घालता येतेच असे नाही. कोण कुठे अडतो हे चाचणीतून कळेल. त्यानुसार पहिल्या सत्रात मोफत शिकवणे ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरावी. चाचणी घेऊन पुढे न शिकवणे हा अन्याय आहे.